लागरच्या गावा

‘सध्या चिरंजीव काय करतात?’ हा प्रश्न पुण्यात कोणीही, कुठेही आणि कोणत्याही अवस्थेत विचारू शकतो. भाजीच्या गाड्यापाशी विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. मला तर एकदा दंतवैद्याने दाढेत यंत्र घातलेले असताना विचारला होता. त्या वेळी उत्तर देता आले नाही याचे मला फार समाधान वाटले. कारण २०२२ सालापासून या प्रश्नाचे खरे उत्तर मी कोणालाच दिले नव्हते. ‘अमेरिकेत असतो, बोस्टनजवळ. संगणकात आहे,’ असे मी म्हणत असे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या होत्या.

तिसरी अशी की, बारा वर्षे संगणकात काढल्यावर आमच्या चिरंजीवांनी भरपगारी नोकरी सोडली आणि एका लहानशा बिअरच्या कारखान्यात रबरी बूट घालून टाक्या धुण्याचे काम पत्करले. सहा महिन्यांनी टाक्या भरण्याचेही काम मिळाले, असे त्याने मोठ्या उत्साहाने कळवले. मी फोनवर ‘बरं’ म्हणालो. त्यानंतर दोन वर्षे आमचे बोलणे हवापाण्यापलीकडे गेले नाही. तिकडे बर्फ पडत होते, इकडे उकडत होते.

माझी बाजूही ऐकून घ्या. माझा जन्म १९५० चा, गिरगावातल्या चाळीतला. दारूबंदीचा कायदा १९४९ चा. तेव्हा मी आणि दारूबंदी बरोबरीनेच वाढलो म्हणायला हरकत नाही. चाळीमागच्या गल्लीत सायकलच्या ट्यूबमधून हातभट्टीची यायची आणि संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून भांडी फेकल्याचे आवाज यायचे. आई आम्हांला आत घेऊन दाराला कडी लावी. दारू म्हणजे ती कडी, एवढेच माझ्या मनात बसलेले. कायदा अजून आहे. कागदोपत्री महाराष्ट्रात आजही प्यायला परवाना लागतो. माझ्याकडे तो कधीच नव्हता, आणि फारशी गरजही पडली नाही.

शेवटी २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता बोस्टनला उतरलो. तिकिटे सौ.ने काढायला लावली होती. ‘त्याचं काम एकदा बघून तर येऊ. मग बोला किंवा बोलू नका,’ असा तिचा सरळ हिशेब होता.

चिरंजीवांच्या कारखान्यात पाऊल ठेवले आणि माझी जरा पंचाईतच झाली. कारण तो वास माझ्या ओळखीचा निघाला! मी पस्तीस वर्षे पिंपरीला पेनिसिलिनच्या कामात काढली, तीही टाक्यांच्या विभागात. मक्याचे पाणी आणि साखर खाऊ घालून एका बुरशीकडून औषध करवून घ्यायचे आणि त्या टाकीत परका जंतू शिरू द्यायचा नाही, हा आमचा धंदा. इथेही तशाच उभ्या, चकचकीत पोलादी टाक्या होत्या. तेच दाबाचे काटे, तीच फरशीवरची ओल आणि तोच वाफेचा सुस्कारा. फक्त आमच्या बुरशीला सारखी हवा फुंकावी लागे. इथल्या यीस्टला एकदा काम सुरू झाले की हवेचे वावडे.

चिरंजीवाने एका टाकीची तोटी उघडून थोडी बिअर ग्लासात घेतली आणि काही न बोलता माझ्यापुढे धरली. मी हुंगले.

‘लोणी,’ मी म्हणालो.

‘हो ना,’ तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

या लोण्याच्या वासाला रसायनशास्त्रात डायॲसिटिल म्हणतात. यीस्ट काम करता करता हे द्रव्य मागे ठेवते, आणि पुरेसा वेळ दिला तर तेच यीस्ट ते पुन्हा खाऊनही टाकते. वेळ दिला तर! मालकाला ती टाकी त्याच आठवड्यात रिकामी हवी होती. लहान कारखान्यात टाकी अडली म्हणजे पैसा अडला. चिरंजीवाने भांडून दहा दिवस मागून घेतले होते, आणि दहा दिवसांनी वास गेला नाही तर टाकी गटारात आणि बहुधा त्याची नोकरीही तिच्यामागोमाग, अशी स्थिती होती.

‘यीस्ट जिवंत आहे ना? मग दोन अंश उष्णता वाढव आणि थांब,’ मी म्हणालो.

‘वाढवलीय बाबा. आता थांबणंच राहिलंय. टाकीजवळ बसून ती काही लवकर पिकणार नाही. चला, तुम्हांला मुलूख दाखवतो.’

अशा रीतीने एका टाकीची वाट पाहण्यासाठी आम्ही दहा दिवसांच्या प्रवासाला निघालो. सूनबाई नागपूरची, तिची संगणकातली नोकरी शाबूत असल्यामुळे ती घरी राहिली. निघताना तिने मला बाजूला घेऊन एवढेच सांगितले, ‘बाबा, त्याला झोप लागत नाहीये.’

पहिला मुक्काम जवळचाच, फ्रेमिंगहॅम गावी. जॅक्स ॲबी या नावाची ब्रुअरी इथे हेंडलर आडनावाच्या तिघा भावांनी २०११ मध्ये काढली. नाव ऐकून मी मठ वगैरे शोधू लागलो, कारण इंग्रजीत मठाला ॲबी म्हणतात आणि युरोपात मठांतले साधू बिअर करीत आले आहेत. पण ही ॲबी म्हणजे जॅकची बायको! नावात केलेली कोटी एवढी जुन्या वळणाची होती की, मला माणसे तिथेच आवडली. या भावांच्या घरात आजोबांपासूनचा बर्फाचा धंदा. आणि त्यांनी काढली तीही अशी ब्रुअरी की जिथे फक्त लागर होते, दुसरे काही नाही.

लागर म्हणजे काय, हे इथे सांगून टाकतो. नाहीतर पुढची सारी यातायात कशासाठी ते कळणार नाही. बिअरची दोन घराणी. एकाचे नाव एल. त्याचे यीस्ट आपल्या खोलीतल्यासारख्या उबेत, वीस अंशांच्या आसपास झपाट्याने काम करते आणि फेसाबरोबर वर येते. दुसरे लागर. हे यीस्ट दहा-बारा अंशांच्या गारव्यात, सरकारी कचेरीच्या गतीने काम करते आणि तळाशी जाऊन बसते. मग ती बिअर जवळजवळ गोठणबिंदूपर्यंत थंड करून आठवडेच्या आठवडे नुसती ठेवून द्यायची. जर्मन भाषेत ‘लागर्न’ म्हणजे साठवून ठेवणे. नाव त्यावरूनच पडले. हे यीस्ट मुळात संकर आहे. त्याच्या आईबापांपैकी एकाचा पत्ता बरीच वर्षे लागत नव्हता. तो २०११ मध्ये लागला, तोही कुठे, तर दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी पॅटागोनियातल्या बीचच्या झाडांवरच्या गाठींत!

एलमध्ये हॉप्सचा कडू मसाला मुक्त हस्ताने घातला की लहानसहान चुका झाकून जातात. लागर म्हणजे वरणभात. त्यात काही लपत नाही. म्हणून अमेरिकेत हौशी ब्रुअरींचे पीक आले तेव्हा बहुतेकांनी एलच धरली. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्या खंडप्राय देशात शंभरसुद्धा ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या. आज नऊ हजारांवर आहेत. घरी बिअर करायला परवानगी देणारा कायदा १९७८ मध्ये झाला, आणि या नव्या मंडळींतले कितीतरी जण तिथून, आपल्याच स्वयंपाकघरातून शिकून बाहेर पडले. पण त्यात लागरच्या वाटेला जाणारे थोडे.

हे सारे चिरंजीव सांगत असता सौ. शांतपणे ऐकत होती. ती म्हणाली, ‘म्हणजे अनारशासारखं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, गूळ घालून पीठ मळलं की डबा ठेवून विसरून जायचं. घाई केली की अनारसा तुपात हसलाच!’

चिरंजीव गाडी चालवता चालवता मोठ्याने हसला. दोन वर्षांत मी ते हसणे ऐकले नव्हते.

सेलम गावी नॉच नावाची ब्रुअरी पाण्याकाठी आहे. हे गाव १६९२ मध्ये चेटकिणी ठरवून माणसांना फाशी देण्यासाठी प्रसिद्ध. आता त्याच चेटकिणींच्या बाहुल्या विकून गावाचे पोट चालते. नॉच क्रिस लोहरिंग यांनी २०१० मध्ये सुरू केली, ती कमी मद्यार्काची बिअर करायची या एका हट्टाने. माणसाने दोन ग्लास घ्यावेत, गप्पा माराव्यात आणि घरचा पत्ता विसरू नये, असा त्यांचा आग्रह. ओतण्याची तऱ्हा चेक देशातली. तिथे ‘म्लीको’ म्हणजे दूध या नावाने एक प्रकार देतात; ग्लासात जवळजवळ सगळा फेसच. सौ.ला वाटले, खरोखरच दूध आले. तिने ग्लास उचललादेखील! मग तो मला घ्यावा लागला. ओला, गोडसर, साईसारखा फेस. माझ्या आयुष्यातले हे तिसरे मद्यपान. पहिल्या दोन्हींबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

तिथून पाचशे किलोमीटरवर फिलाडेल्फिया. या शहराशी आपले नाते जुने; आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये इथेच डॉक्टर झाल्या. सौ.च्या मनात त्यांचेच विचार होते. चिरंजीवाच्या मनात मात्र जॉन वॅग्नर. १८४० मध्ये या बव्हेरियन गृहस्थाने मायदेशाहून जिवंत यीस्ट आणून आपल्या घराच्या मागच्या अंगाला अमेरिकेतली पहिली लागर केली, असे मानतात. त्या जागेजवळ सरकारने एक पाटी लावली आहे. आम्ही तिघेही त्या पाटीखाली उभे राहिलो. रस्त्यात काही नाही, बाकीची घरे आपापली दारे लावून बसलेली. ‘चमचाभर यीस्ट घेऊन आला असेल आणि वाटेत ते मेलं असतं तर?’ चिरंजीव म्हणाला. त्याचे मन कुठे होते ते मला कळले. टाकीचा सातवा दिवस सोडा, अजून चौथाच चालू होता.

आता पॉट्सव्हिल. या गावाबद्दल मात्र मी हात आखडता घेणार नाही.

फिलाडेल्फियाच्या वायव्येला दीडशेएक किलोमीटरवर, दगडी कोळशाच्या डोंगरांत हे गाव आहे. कोळशाचे वैभव केव्हाच ओसरले. उताराचे रस्ते, विटांची जुनी घरे, फारशी वर्दळ नाही. आपल्याकडच्या एखाद्या संस्थानी गावाची कळा. त्या चढावर महान्टोंगो स्ट्रीटला यिंगलिंग यांचा बिअरचा कारखाना आहे. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ ‘तरुण’, आणि कारखाना अमेरिकेतला सर्वांत म्हातारा! डेव्हिड यिंगलिंग यांनी १८२९ मध्ये काढला, १८३१ मध्ये तो जळाला, आणि मग या चढावर पुन्हा उभा राहिला तो अजून चालूच आहे. इतका मोठा झालेला कारखाना ‘हौशी’ म्हणायचा की नाही यावर तिकडे वाद होता. लागरला मका चालतो हे ब्रुअरांच्या संघटनेने २०१४ मध्ये मान्य केले, तेव्हा कुठे तो मिटला. मक्याचे कारण असे की, अमेरिकेतले सहा-ओळी जव प्रथिनांनी जड. त्यांना हलके करायला जुन्या जर्मन कारागिरांनी मका आणि तांदूळ घेतले. अडचणीतून निघालेली युक्ती, पण शुद्धतावाद्यांची नाके वर गेली ती गेलीच.

उकळण्याच्या दालनाच्या छताला देवळासारख्या रंगीत काचा आहेत. पण खरी गोष्ट खाली. डोंगर हातांनी खोदून गुहा केल्या आहेत. यंत्राचा गारवा नव्हता त्या काळी बिअर पिकायची ती या गुहांत. कुदळीचे घाव भिंतीवर दिसतात. छतातून पाणी ठिबकते. सौ.ने पदर डोक्यावरून घेतला तो थंडीसाठी, पण मला त्या क्षणी वेरूळच आठवले. माणसे दगडाला किती दिवस हातोडे मारीत राहतात, आणि कशाकशासाठी!

१९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली आणि सरकारी माणसांनी येऊन या गुहेचे तोंड विटांनी बुजवून टाकले. त्या भिंतीचा भाग अजून ठेवला आहे. मी तिच्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. गिरगावातली दाराची कडी आणि ही भिंत. एक माझ्या आईने लावलेली, आणि तिने लावली ती योग्यच केले, असे मी आजही म्हणेन. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईचे पुढे काय झाले, ते मला ठाऊक आहे. पण भिंतीच्या आतल्या बाजूलाही माणसे होती, आणि त्यांना धंदा सोडून कुठे जाता येत नव्हते, हे मात्र माझ्या कधी मनात आले नव्हते. त्यांनी काय केले? बिनमद्याची बिअर काढली आणि समोर दुग्धालय काढून आइस्क्रीम विकले. तेरा वर्षे त्यावर निभावले. १९३३ मध्ये बंदी उठली, तेव्हा कृतज्ञता म्हणून अध्यक्ष रूझवेल्टना ‘विनर’ नावाच्या बिअरची गाडी पाठवली. लागरला पिकायला आठवडे लागतात आणि ही गाडी तर बंदी उठता उठताच पोचली, तेव्हा ती बिअर केली केव्हा, हा प्रश्न गावात आजही डोळे मिचकावून विचारतात. आइस्क्रीमचे दुकान मात्र १९८५ मध्ये बंद झाले. ‘चांगला चाललेला धंदा कशाला बंद केला मेल्यांनी?’ असे सौ. म्हणाली. तिच्या वाट्याला त्या गावात काहीच आले नव्हते.

या घराण्यात कारखाना बापाकडून मुलाला वारसाने मिळत नाही. मुलाने तो बापाकडून विकत घ्यायचा असतो. पाचव्या पिढीतले डिक यिंगलिंग यांचे वडिलांशी कारभारावरून पटेना. १९७३ मध्ये ते बाहेर पडले, दुसऱ्याची बिअर पोचवण्याचा धंदा करू लागले, आणि १९८५ मध्ये वडील आजारी पडल्यावर परत येऊन त्यांनी कारखाना विकत घेतला. आता त्यांच्या चौघी मुली काम पाहतात. हे ऐकताना मी चिरंजीवाकडे पाहिले नाही आणि त्याने माझ्याकडे पाहिले नाही. सौ.ने दोघांकडेही पाहिले.

शेवटी ग्लासातून लागर मिळते. तांबूस, सौम्य, कोणाशी भांडण न करणारी. एवढे ऐकल्यावर ती अमृत लागणार, अशी अपेक्षा करू नये. ती रोजच्या माणसांची बिअर आहे, खाणीतून वर आलेल्यांची.

‘पेनिसिलिनची पहिली टाकी मी घालवली होती,’ परतताना मी गाडीत म्हणालो. ‘झडप नीट बसली नव्हती. सगळी टाकी गटारात.’

‘हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, बाबा.’

‘विचारलं कोणी?’

‘मग?’

‘मग काय. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पाळीला गेलो.’

तिथून विमानाने डेन्व्हर. समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवरचे हे शहर. इथे पाणी पंचाण्णव अंशांनाच उकळते, हे मी सौ.ला सांगितले आणि तिने ‘मग इथे डाळ शिजते का नीट?’ असा रास्त प्रश्न केला. बीअरश्टाट लागरहाउस २०१६ मध्ये ॲशली कार्टर आणि बिल आय यांनी उघडले. तांब्याची भांडी १९३२ ची, जर्मनीतून उचलून आणलेली. हिटलर सत्तेवर येण्याच्या आदल्या वर्षीची ही भांडी एवढ्या उलथापालथीतून तगून डेन्व्हरच्या एका जुन्या गोदामात उकळत आहेत! ॲशलीबाई जुनी मेहनतीची रीत सोडायला तयार नाहीत. जवाच्या रबडीतला काही भाग काढून वेगळा उकळायचा, पुन्हा मूळ भांड्यात ओतायचा, पुन्हा काढायचा. आजकाल थोडेच जण एवढे करतात.

इथली पिल्सनर मागितली की पाच मिनिटे थांबावे लागते. थोडी ओततात, फेस बसू देतात, पुन्हा ओततात, पुन्हा थांबतात. शेवटी उंच ग्लासावर फेस टोपीसारखा काठाबाहेर उभा राहतो. शेजारच्या टेबलावर एक तरुण जोडपे त्या पाच मिनिटांत भांडले आणि समेटही झाला. अमेरिकेत कोणी कशासाठी पाच मिनिटे थांबलेले मी याआधी पाहिले नव्हते. एक घोट घेतला. पिकल्या धान्याचा वास, मागून स्वच्छ कडवटपणा, आणि मग काहीच नाही. जीभ धुतल्यासारखी कोरी. गाव म्हणून मी पॉट्सव्हिलला मत देईन, पण ग्लास म्हणून डेन्व्हर. एवढे बोलण्याचा अधिकार आयुष्यातल्या सातव्या ग्लासावर मिळतो की नाही, ते जाणकारांनी ठरवावे.

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्या टाकीपाशी होतो. मालक अगोदरच येऊन उभा. उंच, अबोल माणूस. त्याच्याही डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती हे मला त्या दिवशी प्रथम दिसले. चिरंजीवाने तोटी उघडली. एक ग्लास मालकाला, एक मला. सौ.ने माझा ग्लास मध्येच काढून घेतला. चाळीस वर्षे लोणी कढवणाऱ्या नाकापुढे माझी पदवी ती काय! तिने ग्लास एकदा हुंगला, जरा थांबून पुन्हा हुंगला.

‘गेला की हो वास,’ ती म्हणाली.

तिचे मराठी मालकाला कळले असावे. त्याने एक घोट घेतला, ग्लास उजेडाकडे धरला, भिंतीवरच्या फळ्यावर त्या टाकीपुढे खूण केली आणि दुसरीकडे निघून गेला. चिरंजीव खाली वाकून बूट चढवू लागला. पुष्कळ वेळ चढवीत होता.

आमच्या दंतवैद्यांच्या बाहेरच्या खोलीत दिवाळी अंक ठेवलेले असतात, आणि ते स्वतःही वाचतात, हे मी पाहिले आहे. माझी उरलेली दाढ डिसेंबरात काढायची आहे. तेव्हा त्यांना आता काही विचारावे लागू नये.